पहिली तपासणी कोणाची?

लष्करातल्या जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक रजा मिळते आणि ३० दिवसांची किरकोळ. कागदावर झाले ९०. त्यातून प्रवासाचे दिवस वजा करा, बहिणीच्या लग्नाचे करा, बांधावरून चुलत्याशी चाललेल्या भांडणाचे करा. राहिले ते नवरा-बायकोचे. सांबरा, मुतगे, निलजी, मुचंडी या पट्ट्यात हा हिशेब घरोघरी चालतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शतकभर आहे, सांबऱ्यात विमानतळाला लागून हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, आणि दहावी-बारावी झालेल्या पोराला भरतीचं स्वप्न पडणं इथे नवीन नाही. लग्न झालं की पोरगा युनिटला जातो, सून घरात राहते. वर्ष उलटलं की शेजारची मामी विचारते, ‘काय विशेष?’ दुसरं वर्ष उलटलं की विचारणं थांबतं आणि कुजबुज सुरू होते.

आता वैद्यकाचं गणित पाहू. निरोधाचं कुठलंही साधन न वापरता, नियमित एकत्र राहून १२ महिन्यांत दिवस गेले नाहीत तर वंध्यत्वाची शंका घ्यायची, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. बाईचं वय ३५च्या पुढे असेल तर ६ महिन्यांनीच तपासणी करावी, असं डॉक्टर सांगतात. एका पाळीत गर्भधारणेची शक्यता असते ती स्त्रीबीज बाहेर पडण्याआधीच्या साधारण ५ दिवसांत आणि त्या एका दिवशी. म्हणजे जवान रजेवर आला, त्याची रजा नेमक्या त्याच दिवसांवर पडली, तरी वर्षात फार तर तीन पाळ्यांची संधी. दोन वर्षांत सहा. निरोगी शंभर जोडप्यांतल्या ८०हून अधिक जणींना दिवस राहतात ते पूर्ण वर्षभर एकत्र राहिल्यावर, आणि उरलेल्यांतल्या निम्म्याजणींना दुसऱ्या वर्षी. ज्यांच्या वाट्याला दोन वर्षांत सहाच पाळ्या आल्या, त्या जोडप्याला व्याख्येनुसार अजून वंध्य म्हणताच येत नाही. गावाने मात्र म्हणून टाकलेलं असतं, आणि तेही दोघांना नव्हे, एकीला.

एवढ्यावर थांबलं असतं तर तो नुसता जिभेचा जाच होता. पण गावाच्या निकालावर दवाखान्यात अंमलबजावणी होते. नवरा सियाचीनला किंवा जोधपूरला, आणि बायको सासूबरोबर बेळगावात कॉलेज रोडवरच्या कुठल्याशा दवाखान्यात. तिची सोनोग्राफी, तिचं रक्त, तिला बीज वाढवायच्या गोळ्या. बीज वाढतं, फुटतं, आणि त्या दिवशी नवरा हजार-दोन हजार किलोमीटरवर असतो. याला उपचार म्हणायचं की घरच्यांना ‘आम्ही काहीतरी करतोय’ हे समाधान विकत घेऊन देणं म्हणायचं? मला वाटतं, मूल न होण्याच्या आपल्याकडच्या साऱ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. तंत्रज्ञान कमी पडत नाही. क्रम चुकतो. पहिली तपासणी जिची व्हायला नको तिची पहिली होते, ज्याची व्हायला हवी त्याची शेवटी होते किंवा होतच नाही.

वीर्यतपासणी ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त तपासणी. काही शे रुपयांत होते, सुई टोचावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही, दोन-तीन दिवसांचा संयम पाळून एक नमुना दिला की झालं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये दोष पूर्णपणे किंवा अंशतः पुरुषाकडे असतो, हे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं आहे. तरीही बायकोच्या गर्भनलिकांमध्ये रंग सोडून क्ष-किरण काढून झालेला असतो, दुर्बीण घालून झालेली असते, वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याच्या दोन-तीन फेऱ्या (आययूआय) होऊन गेलेल्या असतात, आणि नवऱ्याच्या नावाचा एक कागद फायलीत नसतो. असला तरी चार वर्षांपूर्वीचा.

कारण उघड आहे आणि ते बोललं जात नाही. मूल होण्याची क्षमता आणि शरीरसंबंधाची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुरुषांना कोणी सांगितलेलंच नाही. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही असा माणूस संसाराच्या बाकी सगळ्या बाबतींत ठणठणीत असू शकतो. शंभरात एखादा पुरुष असा असतोच. कायद्याने हा फरक केव्हाच ओळखला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वामुळे विवाह रद्द ठरवता येतो, पण मूल होत नाही एवढ्या कारणावर घटस्फोट मिळत नाही. दुसरी बायको करायची सोय तर बेळगावकरांसाठी त्याच्याही आधी बंद झाली होती, कारण बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि मुंबईने १९४६मध्येच हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला मनाई केली. कायदा असूनही ‘वंशाला दिवा हवा’ म्हणून दुसरीला घरात आणून ठेवलेली उदाहरणं या भागात सगळ्यांना ठाऊक आहेत. गंमत अशी, की दुसरीलाही मूल झालं नाही तर तेव्हा तरी नवऱ्याकडे बोट जायला हवं. तेव्हा घराण्याला शाप असल्याचं कळतं.

महाभारत याबाबत आपल्यापेक्षा मोकळं होतं. पंडूला संतती होणार नाही हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, कुंतीला कोणी दोष देत नाही, आणि मार्ग काढला जातो. ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि दवाखान्याच्या दारात विसरतो.

सगळं बाईवर टाकण्याचा हा कल नुसत्या घरांचा नाही, सरकारचाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. मूल नको असेल तेव्हा बाईच्या पोटावर टाके, मूल हवं असेल तेव्हाही बाईच्याच पोटात सुई. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पुरुषाची तपासणी स्वस्त, आणि दोन्ही गोष्टींना पुरुष नाही.

पुरुषाची तपासणी लवकर करण्यात आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे अनेकदा दोषाचं कारण त्याच्या रोजच्या जगण्यात सापडतं. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात ओतकामाचे कारखाने आहेत. भट्टीसमोर आठ-आठ तास उभं राहणारे तरुण तिथे आहेत. वृषणांचं तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी राहावं लागतं, म्हणून तर निसर्गाने ती शरीराबाहेर ठेवली. सततच्या उष्णतेचा शुक्राणूंवर परिणाम होतो. निपाणीचा तंबाखू साऱ्या देशाला माहीत आहे. तो पिकवणाऱ्या, वखारीत हाताळणाऱ्या आणि गालात ठेवणाऱ्या घरांत तंबाखूचा आणि शुक्राणूंच्या संख्येचा संबंध कोणी समजावून सांगितला आहे? वृषणाजवळच्या शिरा फुगणं, मोठेपणी झालेलं गालगुंड, लहानपणी खाली न उतरलेलं वृषण ही कारणंही साधी तपासणी आणि चार प्रश्न विचारून कळतात.

आणि एक नवं कारण. कोल्हापूर-बेळगाव म्हणजे तालमींचा मुलूख. आता गल्लोगल्ली जिमही आल्या. तिथे अंग लवकर भरावं म्हणून काही पोरं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. बाहेरून हे संप्रेरक आलं की मेंदू वृषणांना पाठवायचे संदेश थांबवतो आणि शुक्राणू तयार होणंच बंद पडतं. दंड फुगतात, संख्या शून्यावर येते. पुरुषत्वासाठी घेतलेलं औषध पितृत्व घालवतं. याहून वाईट म्हणजे मूल होत नाही म्हणून ‘ताकदीसाठी’ हेच इंजेक्शन देणारेही भेटतात. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचं उत्पादन काही महिन्यांत पूर्ववत होतं. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७० ते ७४ दिवस लागतात, त्यामुळे तंबाखू सोडा, भट्टीवरची पाळी बदला किंवा इंजेक्शन थांबवा, त्याचं फळ तीन महिन्यांच्या आत दिसत नाही. हे तीन महिने थांबायला सांगणारा डॉक्टर लोकांना आवडत नाही. लोकांना त्याच दिवशी काहीतरी लिहून देणारा हवा असतो.

बाईच्या बाजूलाही क्रमाचीच रड आहे. आपल्याकडे क्षयरोग फुप्फुसापुरता मानला जातो. तो गर्भनलिकांत आणि गर्भाशयातही होतो, बहुतेक वेळा खोकला नाही, ताप नाही, काहीच लक्षण नाही, आणि नलिका कायमच्या बंद होतात. युरोपातल्या पाठ्यपुस्तकात तळटिपेत असलेला हा आजार भारतात मोठं कारण आहे. नलिका उघड्या आहेत का हे न पाहता आययूआय करत राहणं म्हणजे बंद दाराच्या फटीतून पत्र टाकत राहणं. थायरॉइडची रक्ततपासणी स्वस्त आहे. पाळी अनियमित असलेल्या, अंडाशयात पुटिका असलेल्या मुलींमध्ये वजन पाच-दहा टक्के घटलं तरी कित्येकींचं बीज नियमित सुटू लागतं. या गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातल्या. पण जोडपं डॉक्टर बदलतं तसा प्रवास पुन्हा शून्यापासून सुरू होतो, कारण प्रत्येक नव्या दवाखान्याला आधीच्या प्रयोगशाळेवर विश्वास नसतो. फाइल जाड होत जाते आणि निदान तेवढंच पातळ राहतं.

डॉक्टरांइतकाच या भागातल्या जोडप्यांचा दुसरा आधार देवीचा. गावच्या महालक्ष्मी यात्रेत ओटी भरून मागणं, जोतिबाला खेटे, आणि सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा. मी नवसाची टिंगल करणार नाही. दवाखान्यात ज्या बाईला सगळे ‘केस’ म्हणतात, तिला यात्रेत निदान चार बायका मांडी घालून ऐकून घेतात. पण सौंदत्तीचा इतिहास डोळ्यांआड करता येत नाही. ‘मूल दे, पहिली मुलगी तुला सोडीन’ असे नवस इथे पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आणि फेडलेही गेले. मूल मागणाऱ्यांची इच्छा पुरी झाली. तिची किंमत चुकवली त्या मुलीने, जिला कोणी विचारलंच नव्हतं. त्यात दलित घरांतल्या मुली सर्वाधिक. देवदासी सोडण्यावर मुंबई प्रांतात १९३४ला बंदी आली, कर्नाटकाने १९८२मध्ये पुन्हा कायदा केला. नवस मोठा की छोटा, खरा की खोटा हा माझा प्रश्न नाही. मूल मिळवण्याच्या प्रत्येक मार्गाला मला एकच विचारावंसं वाटतं : याचं बिल शेवटी कोणाच्या नावावर फाटतं?

नवं तंत्रज्ञान या प्रश्नातून सुटत नाही. दात्रीचं स्त्रीबीज वापरायचं तर ते देणारी बहुधा गरजू असते. तिला रोज इंजेक्शनं घ्यावी लागतात, भूल घ्यावी लागते, आणि अंडाशय अति उत्तेजित झालं तर पोटात पाणी साठून जिवावरही बेतू शकतं. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१चा कायदा, जो २५ जानेवारी २०२२पासून लागू झाला, म्हणतो की दात्री २३ ते ३५ वयाची हवी, तिने आयुष्यात एकदाच दान करावं आणि तिच्याकडून सातहून अधिक बीजं घेऊ नयेत. डॉक्टर मंडळी या सातच्या आकड्यावर नाराज आहेत. एवढ्या थोड्या बीजांत यश कमी येतं, हे त्यांचं म्हणणं खरंही आहे. मी तरीही या आकड्याच्या बाजूने आहे, कारण तो दात्रीच्या शरीराची बाजू घेतो आणि या व्यवहारात तिची बाजू घेणारं दुसरं कोणी नाही.

सरोगसीच्या कायद्याबद्दल मात्र माझं मन इतकं स्वच्छ नाही. २०२१च्याच या कायद्याने पैसे घेऊन मूल वाढवून देण्यावर बंदी घातली. फक्त वैद्यकीय खर्च आणि विमा सोडला तर सारं निःस्वार्थ असायला हवं. हेतू चांगला. पण निःस्वार्थपणे नऊ महिने द्यायला पुढे कोण येणार? घरातलीच कोणी. आपल्या घरांत धाकट्या जावेला किंवा नणंदेला ‘नाही’ म्हणायची किती मुभा असते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पैसे घेणारी निदान भाव करू शकत होती. समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय’ हा चित्रपट २०११मध्ये आला तेव्हा परदेशी जोडप्यांसाठीची भाड्याची कूस हा चिंतेचा विषय होता. आज प्रश्न स्वयंपाकघरातल्या दबावाचा आहे, आणि त्यावर चित्रपट आलेला नाही.

आता पैशाकडे येऊ. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या, एका फेरीला खासगीत साधारण दीड ते अडीच लाख रुपये पडतात. एका फेरीत काम झालं तर ठीक. नाही झालं तर पतसंस्थेचं कर्ज, मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं, मग शेताचा तुकडा. बेळगाव-निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बाईच्या मजुरीत हा आकडा कसा बसवायचा?

हे असंच असायला हवं होतं का? १९७८च्या २५ जुलैला इंग्लंडात ओल्डहॅमला जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राउन, जन्मलं आणि अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली झाली, आणि १९ जून १९८१ला त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत हर्षा चावडा जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांच्या कामातून. आनंदकुमार यांचा मोठेपणा असा, की मुखोपाध्यायांचे कागद तपासल्यावर पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे हे त्यांनी १९९७मध्ये जाहीरपणे सांगितलं. पण मला लक्ष वेधायचं आहे ते जागेकडे. हर्षाचा जन्म झाला परळच्या केईएममध्ये. ते मुंबई महापालिकेचं रुग्णालय. संशोधन झालं तेही परळलाच, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या संस्थेत. या देशातलं मान्यता मिळालेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या इमारतीत जन्मलं, आणि त्यानंतरच्या काही दशकांत हे सगळं शास्त्र काचेच्या दारांच्या, वातानुकूलित, हप्त्याने पैसे भरायची सोय असलेल्या दवाखान्यांत निघून गेलं. सरकारने ते आनंदाने जाऊ दिलं.

कारण सरकारला मुलं कमी हवी होती. १९५२मध्ये जगातला पहिला सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम आपण सुरू केला. आशाताई आणि आरोग्यसेविका गावातल्या जोडप्यांची नोंदवही ठेवतात. त्यात मूल नसलेलं जोडपंही असतं. पण त्या वहीचा रोख निरोध कोणाला द्यायचा, तांबी कोणाला बसवायची, गरोदर कोण आहे याकडे. लग्नाला पाच वर्षं होऊन कूस रिकामी असलेल्या घरावरून ती वही नुसती पुढे जाते.

बेळगाव जिल्ह्याच्या बाबतीत हे फारच बोचतं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा उपयोग होतो का, याचा जगभर उद्धृत होणारा प्रयोग याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर त्यात होते, २००२ ते २००५ या काळात १,६२० बाळंतिणींची नोंद झाली, गोळ्या दिल्या गावच्या आरोग्यसेविकांनी, आणि रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. म्हणजे खेड्यातली आरोग्यसेविका, तालुक्याचं केंद्र आणि शहरातलं महाविद्यालय यांची साखळी इथे उत्तम काम करू शकते, हे सिद्ध झालेलं आहे. त्याच साखळीने नवऱ्याची वीर्यतपासणी, बायकोची थायरॉइड आणि क्षयाची चाचणी, बीज सुटण्याचे दिवस कसे ओळखायचे याची माहिती एवढं करायला काय हरकत आहे? याला भ्रूणशास्त्राची प्रयोगशाळा लागत नाही.

सीमाभागाला तर दोन-दोन सरकारं आहेत. महाराष्ट्राने आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांना द्यायचं ठरवलं, कर्नाटकाने आक्षेप घेतला, दोन्हीकडे पत्रकं निघाली. आरोग्यावरून दोन राज्यं भांडतात हे एका परीने चांगलंच. पण केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत प्रजननक्षमतेचे उपचार स्पष्टपणे वगळलेले आहेत, आणि या तिघांच्या वादावादीत त्याबद्दल कोणी शब्द काढला नाही. सीमाप्रश्नावर अर्धशतकाहून अधिक काळ मोर्चे काढणाऱ्या आपल्या लोकांनीही काढला नाही. दरम्यान शेजारच्या गोव्याने २०२३मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. चोर्ला घाट उतरला की ते बेळगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. दिल्लीत लष्कराच्या रिसर्च अँड रेफरल रुग्णालयातही ही सोय आहे. म्हणजे जवानाला मिळू शकते, गोवेकराला मिळू शकते. सांबऱ्याच्या शेतकऱ्याला आणि निपाणीच्या वखारीतल्या मजुराला मिळत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो : देशात माणसं कमी आहेत का? आकडेवारीचं उत्तर देता येईल. २०१९-२१च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आढळली, लोकसंख्या टिकून राहायला लागतात त्याहून कमी. पण मला ते उत्तर आवडत नाही, कारण उद्या तो आकडा वाढला तर या जोडप्यांचा हक्क संपतो असं त्यातून निघतं. बरोबर उत्तर र. धों. कर्वे यांच्याकडे आहे. त्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७पासून मरेपर्यंत म्हणजे १९५३पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले सोसले, स्वतः मूल होऊ दिलं नाही. त्यांचा आग्रह मुलं कमी असण्याचा जितका होता, त्याहून जास्त हा निर्णय धर्माचा, नातेवाइकांचा किंवा सरकारचा नसून त्या दोघांचा, आणि त्यातही बाईचा आहे, याचा होता. हा विचार पुरा घेतला तर मूल नको म्हणणारीला साधनं देणं आणि हवं म्हणणारीला उपचार देणं ही एकाच खात्याची कामं ठरतात. आपण कर्व्यांचा अर्धाच भाग उचलला.

आक्षेपाचा एक भाग मात्र मी मान्य करतो. मूल हवं म्हणजे मुलगा हवा, असं या भागात पुष्कळदा असतं. कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यातली मुलींची घटलेली संख्या आणि २०१७मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला उघडकीला आलेलं भ्रूणहत्येचं प्रकरण विसरून इथे प्रजननाच्या तंत्रज्ञानाबद्दल बोलताच येत नाही. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी त्याची लिंगनिवड करण्यालाही कायद्याने बंदी आहे. सरकारी केंद्रात हे उपचार आले तर निदान नोंदवह्या एका छताखाली असतील आणि तपासता येतील.

आता जाहिराती. एसटीच्या आणि केएसआरटीसीच्या गाड्यांच्या पाठीवर, रस्त्याकडेच्या भिंतींवर गुबगुबीत गोरी बाळं हसत असतात आणि खाली यशाचा टक्का लिहिलेला असतो. तो टक्का कशाचा, हे लिहिलेलं नसतं. समजा शंभर जणींनी इंजेक्शनं सुरू केली. काहींचं बीजच नीट वाढलं नाही, काहींचं फलन झालं नाही, काहींचे भ्रूण सोडण्यालायक नव्हते. उरलेल्यांतल्या काहींची चाचणी पॉझिटिव्ह आली, त्यातल्या काहींचा गर्भ दोन महिन्यांत पडला. यश कशाला म्हणायचं? भागिले कितीने करायचं? ज्यांच्यात भ्रूण सोडला त्यांच्याच संख्येने भागलं आणि पॉझिटिव्ह चाचणी हेच यश मानलं, तर टक्का फुगतो. शंभराने भागलं आणि घरी आलेलं बाळ मोजलं तर तो बराच खाली येतो. पस्तिशीच्या आतल्या बाईला चांगल्या केंद्रात एका प्रयत्नात साधारण तिनात एक अशी आशा धरता येते. चाळिशी ओलांडल्यावर स्वतःच्या बीजाने ती झपाट्याने घसरते, शंभरात पाच-दहावर येते. ब्रिटनमध्ये १९९१पासून एक सरकारी प्राधिकरण हे सगळं मोजतं, प्रत्येक केंद्राचे आकडे लोकांसमोर ठेवतं, आणि जादा पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या कुठल्या पूरक उपचाराला पुरावा आहे, कुठल्याला नाही हेही सांगतं. आपल्या कायद्याने नोंदणी आणली, वयाची मर्यादा आणली : बाईला ५०, पुरुषाला ५५. किती फेऱ्यांनंतर डॉक्टरने समोर बसवून ‘आता पुरे’ म्हणावं, याबद्दल तो गप्प आहे.

आणि हे म्हणणं कोणाच्याच सोयीचं नसतं. दवाखान्याचं उत्पन्न फेरीवर अवलंबून. जोडप्याने इतकं घातलेलं असतं की सोडणं म्हणजे आधीचं बुडवणं वाटतं. सासू-सासऱ्यांना आशा हवी असते. नातेवाईक मग सहज म्हणतात, ‘दत्तक घ्या की.’ जणू तो उपचारांतलाच शेवटचा टप्पा. दत्तक हा या मुलखाच्या इतिहासात उपचार कधीच नव्हता, तो गादीचा प्रश्न होता. कित्तूरने घेतलेला दत्तक इंग्रजांनी मानला नाही म्हणून १८२४मध्ये राणी चन्नम्मा लढल्या. निपाणीहून कोल्हापूरला जाताना लागणाऱ्या कागलच्या घाटगे घराण्यातला दहा वर्षांचा यशवंतराव १८८४मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. तिथे गरज घराण्याची होती, मूल भावकीतलं होतं, आणि ते कोणाच्या पोटचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजचं दत्तकविधान मुलाच्या गरजेवर उभं आहे, आणि ते तसंच असावं. अनाथ मूल कोणाच्या अपयशावर मलमपट्टी म्हणून येत नाही. ज्यांना ते मनापासून हवं आहे त्यांनी त्याकडे उपचार हरल्यावर वळू नये, एवढंच नाही. वळताच येत नाही, कारण केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या यादीत कित्येक वर्षं थांबावं लागतं आणि वयाची अट असते. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५च्या वर जाऊन चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०.

बायको ४२, नवरा ४६, बेरीज ८८. पाचवी की सहावी फेरी फसल्यावर हे कळून उपयोग नसतो. दुसऱ्या फेरीनंतर, दोघंही तीन-चार वर्षांनी लहान असताना, त्याच टेबलावर डॉक्टरने हा आकडा त्यांच्यापुढे ठेवायला हवा होता. तो सांगायला सोनोग्राफी लागत नाही, आणि त्याचं बिलही करता येत नाही.